बिनव्याजी स्वयंपाकघर

साडूभाऊ रविवारी आले की चपला काढून थेट स्वयंपाकघरात जात. बसा म्हणायची सोयच नसे. आधी ते ओट्याखालचा मोठा खण पुढे ओढत आणि हलकेच ढकलून सोडून देत. मिटता मिटता खण शेवटी जरा थबके आणि मग अजिबात आवाज न करता आत जाई. साडूभाऊ मान तिरपी करून तो न होणारा आवाज ऐकत आणि म्हणत, "बघा. लोण्यासारखा." मग दुसरा खण, मग तिसरा. सगळे तपासून होईपर्यंत घरात कोणाला चहा ठेवता येत नसे, कारण चहाची पूड त्यांतल्याच एका खणात होती.

तक्रारसाहेब हे सगळं दारात उभे राहून बघत. त्यांना तक्रारसाहेब म्हणत ते एका गाद्यांच्या कंपनीत तक्रार विभागात होते म्हणून. गादी खचली, गादीला वास येतो, गादी दुकानात मऊ होती आणि घरी आल्यावर कडक झाली, असं ज्याला ज्याला वाटे त्याचा फोन त्यांच्या टेबलावर वाजे. दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या माणसाने घरी येऊन स्वतःची एखादी करावी, ही काही मोठी हाव नव्हे. पण या बाबतीत त्यांचं तोंड बांधलेलं होतं. जुना ओटा खचून स्वयंपाकघर नव्याने करायची वेळ आली तेव्हा पैसे साडूभाऊंनी दिले होते. साडूभाऊ म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, पाणीपुरवठा खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. पैसे बिनव्याजी, बिनमुदतीचे आणि बिनकागदाचे. अशा माणसाला खण उघडू नका म्हणून सांगणार कसं?

तरी एक दिवस तो रविवार आलाच. तक्रारसाहेब अंघोळ करून टॉवेलवर बाहेर आले, तर स्वयंपाकघरात साडूभाऊंबरोबर त्यांच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींतले चारपाच अनोळखी गृहस्थ उभे. एकजण वाकून बिजागरी बघत होता. दुसरा ओट्यावर नखाने टिचक्या मारत होता. तक्रारसाहेबांनी एका हाताने टॉवेलची गाठ आणि दुसऱ्या हाताने अब्रू सावरली.

"हे आमचे साडू," साडूभाऊंनी ओळख करून दिली. "राहतात इथेच."

वाकलेल्या गृहस्थांनी वाकूनच नमस्कार केला आणि विचारलं, "खर्च बराच आला असेल?"

"खर्च माझा, वापर यांचा," साडूभाऊ म्हणाले, आणि मंडळी दिलखुलास हसली. तक्रारसाहेबही हसले. टॉवेलवरच्या माणसाला दुसरं काय करता येतं?

मंडळी गेल्यावर त्यांनी शर्ट घातला, सगळी बटणं लावली आणि बायकोला समोर बसवलं.

"वर्षाच्या आत या माणसाचे पैसे परत करायचे. सगळे."

बायको एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. लोकांना नेमकं काय दिसत नाही ते तिला चटकन कळायचं. ती म्हणाली, "भावोजींनी कधी मागितले का? आणि व्याज तरी कुठे घेतायत?"

"घेतात. दर रविवारी वसूल करून जातात."

हे तिला पटलं, कारण मघाशी त्या मंडळींसाठी चहा तिनेच केला होता आणि कपबश्या अजून तिलाच धुवायच्या होत्या. ती म्हणाली, "बरं. पण करायचं तर दोघांनी करायचं. माझा पगार जमा आणि तुमचा राग जमा, असं नको."

मग काटकसर सुरू झाली. वर्तमानपत्र बंद झालं. चहाबरोबरची क्रीमची बिस्किटं जाऊन साधी आली, आणि ती मोजून खायची पाळी येताच साधीही गेली. बाहेर जेवायला जायचं नाही असं ठरलं, ते तसेही जात नव्हते, पण ठरल्यावर मात्र दोघांना रोज जावंसं वाटू लागलं. दर महिन्याच्या पगारातून आधी साडूभाऊंचा वाटा वेगळा ठेवायचा आणि उरलेल्यात घर चालवायचं, असा बेत होता.

बेताची बातमी खालच्या मजल्यावर गेली. तिथे एक निवृत्त बँक मॅनेजर राहत. उभ्या हयातीत त्यांनी लोकांना कर्ज नाकारलेलं असल्यामुळे कर्जाविषयी त्यांची मतं पक्की होती. त्यांनी जिन्यात तक्रारसाहेबांना गाठलं.

"फेडताय म्हणे?"

"हो."

"घाई करताय. बिनव्याजी कर्ज फेडणं म्हणजे हातातला आंबा टाकून देणं. मी तुमच्या जागी असतो तर ते पैसे ठेवीत टाकले असते आणि त्यांच्याच पैशाच्या व्याजावर त्यांना चहा पाजला असता."

"माझ्या स्वाभिमानाचं काय?"

"त्याला तारण म्हणून कोणी विचारत नाही," मॅनेजर म्हणाले आणि भाजीची पिशवी सावरत खाली उतरले.

पहिला तडाखा कचेरीत बसला. मुख्य कार्यालयातून एक नवे साहेब आले. ते सतत हसत, त्यामुळे ते वाईट बातमी देतायत हे समजायला लोकांना वेळ लागे. त्यांनी सांगितलं की आता पगाराचे दोन भाग होतील. एक भाग पक्का राहील आणि दुसरा ग्राहकाच्या समाधानावर अवलंबून राहील. प्रत्येक फोननंतर ग्राहक तारे देणार. जितके तारे, तितका पगार.

"पण साहेब," तक्रारसाहेब म्हणाले, "माझ्याकडे फोन करणारा माणूस आधीच असमाधानी असतो. समाधानी माणूस गादीवर झोपलेला असतो."

"म्हणूनच तर संधी आहे," साहेब हसून म्हणाले.

तक्रारसाहेबांना रोज फोन करणाऱ्या एक आजी होत्या. त्यांची गादी कुरकुरे. तक्रारसाहेबांनी त्यांना कित्येकदा समजावलं होतं की आजी, फोम कुरकुरत नाही, तुमचा पलंग कुरकुरतो, त्याचे नट आवळून घ्या. हा सल्ला अगदी बरोबर होता. नव्या पद्धतीत त्याला एक तारा मिळाला. महिनाअखेरीस पगाराचा दुसरा भाग हातात आला तेव्हा तक्रारसाहेबांना वाटलं, चुकून बसच्या तिकिटाचे सुटे पैसे परत आले असावेत.

पुढच्या महिन्यात त्यांनी धोरण बदललं. आजींचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "हो आजी, कुरकुरतेय खरी. मला इथपर्यंत ऐकू येतंय."

इतक्या दिवसांत आजींचं कोणीतरी ऐकलं होतं. त्यांनी पाचच्या पाच तारे दिले. तक्रारसाहेबांनी मग ज्याची गादी खचली त्याला खचली म्हटलं, ज्याला वास येत होता त्याला आपल्यालाही येतोय म्हटलं. ताऱ्यांचा खच पडला. साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं. आणि पंधरवड्यात त्या सगळ्या ग्राहकांनी, कंपनीने स्वतः कबूल केलंय म्हणून, गाद्या परत पाठवल्या. गोदामात उभं राहायला जागा उरली नाही. परत आलेल्या गाद्यांचा भुर्दंड कोणाच्या पगारातून वळता झाला, ते निराळं सांगायला नको. समाधान वाढलं आणि पगार घटला. खरं बोलून एक तारा आणि खोटं बोलून दंड, तर मग माणसाने नेमकं बोलायचं काय, हा प्रश्न त्यांनी साहेबांना लेखी विचारला. उत्तरादाखल हसरा चेहरा आला.

त्याच सुमाराला बायकोला बढती मिळाली. दुकानाच्या मालकाने दुसरी शाखा काढली आणि ती तिच्या हवाली केली. पगार वाढला, इतका की तो तक्रारसाहेबांच्या उरल्यासुरल्या पगाराच्या वर गेला. तक्रारसाहेबांना मनापासून आनंद झाला. तसं त्यांनी तिला तीनचारदा सांगितलंही. मग संध्याकाळभर ते एक स्टूल दुरुस्त करत बसले. स्टूल मोडलेलं नव्हतं.

"वाईट वाटतंय का?" बायकोने विचारलं.

"छे. वाईट कशाला? पैसे घरातच येतायत. फक्त ते सांगण्याची पद्धत असते. तू एकदम आकडाच सांगितलास."

"आकडा हळूहळू कसा सांगायचा?"

पण त्या वाढीलाही पाय फुटले. शाखेच्या प्रमुख बाईने दुकानातलाच उंची चष्मा लावला पाहिजे, असा मालकाचा नियम निघाला, म्हणजे गिऱ्हाईकाला तसाच घ्यावासा वाटतो. चष्म्याचे पैसे पगारातून कापले जाणार. त्यावर शोभेलसा गडद कोटही हवा. तिचे डोळे ठणठणीत होते. बिननंबरी काचांचा महागडा चष्मा लावून ती घरी आली तेव्हा तक्रारसाहेब बराच वेळ बघत राहिले. त्यांना वाटलं, आपल्या घरात चांगल्या चाललेल्या गोष्टींनाही दुरुस्तीचा खर्च लागतो.

मग त्यांची दाढ दुखू लागली. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी दिवा मारून बघितलं आणि म्हणाल्या, "झिजलीय. तडाही गेलाय. रात्री झोपेत दात खाता का?"

"रात्री नाही," तक्रारसाहेब उघड्या तोंडाने म्हणाले. "रविवारी."

डॉक्टरीणबाईंनी दाढेची मुळं साफ करून वर टोपी बसवली. टोपीच्या किमतीत डोक्याला घालायच्या टोप्यांचं दुकान आलं असतं. साडूभाऊंसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतला मोठा घास दाढेने खाल्ला. म्हणजे साडूभाऊंवरच्या रागाने दाढ झिजली, आणि दाढ झिजल्याने साडूभाऊंचे पैसे फेडायला उशीर. हे चक्र कुठे तोडावं ते त्यांना कळेना.

दाढ शांत झाली तोच खालचे मॅनेजर वर आले. त्यांच्या दिवाणखान्याच्या छताला ओल आली होती आणि ती रोज पसरत होती. पाणी वरच्या नव्या स्वयंपाकघरातून येत होतं. त्यांनी दुरुस्तीचा अंदाज टाइप करून आणला होता. त्यात छताचा रंग होता, आणि छत नवं दिसल्यावर भिंती जुन्या दिसतील म्हणून भिंतींचाही होता.

"भिंतींना काही झालेलं नाही," तक्रारसाहेब म्हणाले.

"म्हणूनच आधी करून घ्यायचं," मॅनेजर म्हणाले.

ही भानगड निस्तरायची कशी, असा दोघं विचार करतायत तोवर ताईंकडून, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीकडून, कळून साडूभाऊ प्लंबरला घेऊन हजर झाले. दोन तास ओट्याखाली नुसते पाय दिसत होते. प्लंबरने बाहेर येऊन सांगितलं की जोड हलक्या प्रतीचा वापरलाय, तो गळणारच होता. तो जोड साडूभाऊंनी स्वतः दुकानात जाऊन निवडून आणला होता. साडूभाऊंनी क्षणभर छताकडे बघितलं आणि म्हणाले, "पाण्याचा दाब वाढलाय हल्ली. आमच्या वेळी असा नव्हता."

आणि मग, तक्रारसाहेब पाकीट शोधायला आत गेले तेवढ्यात, त्यांनी प्लंबरला पैसे देऊन टाकले.

"हे काय केलंत?" तक्रारसाहेब बाहेर येऊन म्हणाले. "किती झाले?"

"राहू द्या हो. हे त्यात धरू नका."

"धरणार."

"बरं, मग धरा," साडूभाऊ म्हणाले आणि जाता जाता सवयीने एक खण ढकलून गेले.

फेडायला निघाल्यापासून कर्ज वाढलेलं हे जगातलं पहिलंच कुटुंब असावं, असं त्या दिवशी तक्रारसाहेबांना वाटलं. ते इतके चिडले की चिडण्यात त्यांना एक प्रकारची ताकद आली. कंपनीत सुटीच्या दिवशी फोन घ्यायला कोणी तयार नसे. ते तयार झाले. तिथे तारे नव्हते, तासाला रोख पैसे होते. बायकोने रोज शाखेला कुलूप लावून झाल्यावर जुन्या दुकानात संध्याकाळचं काम धरलं. घरी आल्यावर दोघं इतके थकलेले असत की एकमेकांशी भांडायचंही राहून जाई. आणि तरी रक्कम पुरी होईना, तेव्हा तक्रारसाहेबांनी आपली स्कूटर विकली. तिला ते कोणाला हात लावू देत नसत. विकत घेणाऱ्याने ती सुरू करून फाटकाबाहेर नेली तेव्हा ते गॅलरीत उभे होते. बायको शेजारी येऊन उभी राहिली. तिने नुसता तो बिननंबरी चष्मा काढून कोटाच्या खिशात ठेवला.

पण रक्कम पुरी झाली. प्लंबरच्या पैशांसकट. दोघांनी चेक लिहिला आणि साडूभाऊंच्या हातात ठेवला.

"एवढी काय घाई होती?" साडूभाऊ म्हणाले. त्यांचा चेहरा जरा पडलेला दिसला. "आपल्यात कसले हिशेब?" त्यांनी चेकची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली.

महिना गेला, चेक वटला नाही. विचारलं तर कळलं, शर्टाबरोबर धुतला गेला. दुसरा दिला. त्यावरची सही त्यांना जरा तिरकी वाटली, बँक घेणार नाही म्हणाले. तिसरा दिला तो त्यांनी कुठेतरी जपून ठेवला, इतका जपून की तो पुन्हा दिसला नाही. दर रविवारी ते येत, खण उघडत, लोण्यासारखा म्हणत आणि चहा पिऊन जात. इकडे पैसे खात्यात पडून होते. आणि खात्यात पैसे आहेत याचा घरातल्या वस्तूंना बरोबर वास येतो. फ्रिज गुरगुरू लागला. बाथरूमचा हीटर एकदा गरम पाणी देई, एकदा नुसती वाफ. तक्रारसाहेबांना दिसत होतं की हा माणूस अजून थोडा टिकला तर सगळे पैसे दुरुस्त्यांत जातील आणि आपण पुन्हा जिथे होतो तिथे येऊ.

मग त्यांनी कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढली, साडूभाऊंच्या एका जुन्या पावतीवरून त्यांचा खाते क्रमांक मिळवला आणि थेट त्यांच्या बँकेत गेले. खिडकीमागच्या बाईंनी क्रमांक टाकून बघितला.

"या खात्यात पैसे भरता येणार नाहीत."

"का?"

"ते सांगता येत नाही. खातेदाराची खाजगी बाब आहे."

"अहो, मी काढायला आलो नाही. द्यायला आलोय."

"खातेदारांना सही करायला पाठवा."

"त्यांना पैसे नकोच आहेत."

बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "मग तुम्ही का देताय?"

तक्रारसाहेबांनी त्यांना सगळं सांगायला सुरुवात केली, ओटा खचला तिथपासून. मागे रांग लागली. टॉवेलपर्यंत आले तेव्हा पहारेकऱ्याने त्यांचा दंड धरला. ज्या माणसाने आयुष्यात कोणाचं देणं बुडवलं नाही, त्याला देणं द्यायला आला म्हणून बँकेबाहेर काढलं गेलं.

"आता ताईकडेच देऊ," संध्याकाळी बायको म्हणाली. "ती भावोजींना देईल. तिच्यापुढे त्यांचा शर्ट धुतला जाणार नाही."

साडूभाऊ फिरायला गेलेले असताना दोघं ताईंकडे गेले. ताई हॉस्पिटलात मेट्रन होत्या. निवृत्त झाल्या तरी त्यांच्यासमोर माणूस आपोआप ताठ बसे. बायकोने पैशांचं पाकीट पुढे ठेवून सगळं सांगितलं. ताईंनी पाकीट उघडलं, नोटा मोजल्या, नीट मोजल्या, आणि कपाटात ठेवून किल्ली फिरवली.

"मिळाले," त्या म्हणाल्या.

"भावोजींना सांगशील ना?"

"त्यांना कशाला? पैसे माझे होते."

तक्रारसाहेबांना आपण नीट ऐकलं का ते कळेना.

"माझ्या निवृत्तीचे," ताई म्हणाल्या. "त्यांचे सगळे भलत्याच एका जमिनीत अडकलेत, ते खातं तर कधीचं बंद पडलंय. तुझा ओटा खचला म्हटल्यावर मी काढून दिले."

"मग मला सांगितलं का नाहीस?" बायकोचा आवाज चढला.

"माझे म्हणून कळलं असतं तर तू दुसऱ्या दिवसापासून फेडायला लागली असतीस. भावोजींचे म्हणून निवांत होतीस. मला वाटलं, हे चार दिवस सांगतील, मिरवतील, मग विसरतील." ताईंनी सुस्कारा सोडला. "नोकरी सुटल्यापासून त्यांना कोणी काही विचारत नाही गं. पण माणसांना घेऊन तुमचं घर दाखवायला येतात, हे मला ठाऊक नव्हतं. आता मी बघते."

परतताना बसमध्ये तक्रारसाहेब दोन थांबे तिकिटाची घडी घालत होते. मग म्हणाले, "इतके दिवस मी चुकीच्या माणसासमोर मान खाली घालत होतो."

"बरोबरच्या माणसासमोर घातली असतीत का?"

यावर ते तिसऱ्या थांब्यापर्यंत विचार करत होते.

रविवारी साडूभाऊ आले. यावेळी ताईही बरोबर होत्या. खालचे मॅनेजर छताचा रंग दोन छटांत आलाय ही तक्रार घेऊन वर आलेले होते, त्यांनाही चहाला बसवलं. साडूभाऊंनी त्यांना नवा जोड दाखवला, खण उघडून दाखवला आणि म्हणाले, "आता कसंय, खर्च माझा आणि..."

"माझा," ताई म्हणाल्या. त्यांनी कप बशीत ठेवला. "माझा होता. आणि तो परत मिळाला, गुरुवारी."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. औषधाची वेळ सांगावी तसं सांगितलं होतं. मॅनेजरांनी छताचा विषय बाजूला ठेवून बिस्किट उचललं. साडूभाऊ खणाशी उभे होते. त्यांचा हात खणावरच राहिला. मग ते काहीतरी बघायचंय असं पुटपुटत गॅलरीत गेले.

या क्षणाची तक्रारसाहेबांनी किती वाट बघितली होती. बसमध्ये, दाताच्या खुर्चीत, गाद्यांच्या फोनवर. त्यांनी मनात भाषणंही रचून ठेवली होती. ते गॅलरीत गेले तेव्हा साडूभाऊ कठड्याला धरून रस्त्याकडे बघत होते. मागून त्यांची मान बारीक दिसत होती.

"तुम्हाला माहीत होतं?" साडूभाऊंनी न वळता विचारलं.

"गुरुवारपासून."

"आणि तरी बोलू दिलंत? त्या खालच्या माणसासमोर? दारात नुसती खूण केली असतीत. साडू ना आपण?" ते वळले. ते खरंच रागावले होते. "काही पद्धत असते की नाही?"

तक्रारसाहेबांनी तोंड उघडलं. टॉवेल, प्लंबर, धुतलेला चेक, विकलेली स्कूटर, सगळं एकदम घशाशी आलं आणि तिथे गर्दी होऊन अडकलं. आणि त्यांच्या लक्षात आलं की या माणसाची तक्रार रास्त आहे. खूण करता आली असती.

"चुकलंच," ते म्हणाले. एवढा अन्याय त्यांच्यावर आयुष्यात झाला नव्हता. पैसे त्यांनी फेडले आणि माफीही त्यांनीच मागितली.

साडूभाऊ थोडे निवळले. "आमची ही त्या पैशांची गाडी घेतेय. जुनी, छोटी. मी सकाळी फिरायला गेलो की मागून गाडी शिकायला जात होती. परवानासुद्धा काढून ठेवलाय." ते थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला शेजारी बसायची भीती वाटते हो."

साडूभाऊंनी कशाची तरी भीती वाटते असं म्हटलेलं तक्रारसाहेबांनी पहिल्यांदाच ऐकलं. ते म्हणाले, "मी मागे बसतो. तेवढीच सोबत."

पुढच्या रविवारी खण उघडायला कोणी आलं नाही. खाली हॉर्न वाजला. ताई सुकाणूवर होत्या, शेजारी साडूभाऊ खिडकीवरची कडी धरून. बायको आणि तक्रारसाहेब मागे बसले. गाडीने दोन गचके खाल्ले आणि निघाली. पहिल्या चौकात समोरून ट्रक येताना दिसला तसे साडूभाऊंनी दोन्ही पाय पुढे रोवले, जिथे ब्रेक नव्हता तिथे. मागे तक्रारसाहेबांनीही नेमके तसेच रोवले.

"डावीकडून घ्या ताई," तक्रारसाहेब म्हणाले.

"डावीकडे नाही, आधी वेग कमी," साडूभाऊ म्हणाले.

"वेग कमी केला तर मागचा धडकेल."

"मागचा लांब आहे. मी आरशात बघतोय."

"तो आरसा माझा आहे," ताई म्हणाल्या. त्यांनी तो हाताने आपल्याकडे वळवून घेतला. "आता दोघांपैकी जो बोलेल तो पुढच्या कोपऱ्यावर उतरेल."

बायकोने खिडकीबाहेर तोंड वळवलं, तिचे खांदे हलत होते. साडूभाऊंनी मागे वळून तक्रारसाहेबांकडे बघितलं. त्या बघण्यात इतका संताप होता, आणि तो इतका ओळखीचा होता, की तक्रारसाहेबांनी नकळत पुढे वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ट्रक अगदी जवळून गेला. दोघांनी डोळे मिटून घेतले, आणि कोपरा मागे पडेपर्यंत दोघांपैकी कोणीही ब्र काढला नाही.